मोहन पार्क ते भटेरी : कामाच्या जागी बाईच्या सुरक्षेचा कायदा कोणी मिळवला?

दर वर्षी १४ एप्रिल किंवा ८ मार्च जवळ आला की आपल्या मोबाइलवर एक चित्र फिरू लागते. निळा कोट, हातात संविधान आणि खाली ठळक अक्षरांत ओळ : नोकरदार बायांनो, तुमची प्रसूती रजा बाबासाहेबांनी दिली. आम्हीही हे चित्र अनेकदा पुढे पाठवले आहे. मागे एका शिबिरात बारावीतल्या एका मुलीने उभे राहून विचारले, "कोणत्या कायद्याने दिली? कोणत्या साली?" मंचावर आम्ही चौघे होतो. चौघांची चार वेगवेगळी उत्तरे आली आणि चारही कच्ची होती.

त्या दिवसापासून आम्ही हा इतिहास नीट वाचायला घेतला. जे हाती लागले ते त्या चित्रापेक्षा पुष्कळ मोठे आहे. "दिली" या एका शब्दात आपल्याच आया-आज्या पुसल्या जातात, हे त्यातले सगळ्यात महत्त्वाचे. कामाच्या जागी बाईला सुरक्षित राहता यावे यासाठी जे जे कायदे झाले, त्यांच्यामागे गिरणी, खाण, विडी कारखाना आणि शेत इथल्या बाया उभ्या आहेत. त्यांची जात त्या इतिहासातून वारंवार वगळली गेली आहे आणि कायद्याचा लाभ मात्र त्यांच्यापर्यंत सगळ्यात शेवटी पोहोचतो. आम्हाला मांडायचे आहे ते एवढेच, पण पुराव्यासकट.

सुरुवात १९२८ पासून करू. त्याआधी १९२४ मध्ये ना. म. जोशी यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात प्रसूती लाभाचे विधेयक आणले होते. ते टिकले नाही. जुलै १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात असेच विधेयक चर्चेला आले. ते बाबासाहेबांनी मांडलेले नव्हते. तेव्हा ते या मंडळाचे सरकारनियुक्त सदस्य होते आणि त्यांनी विधेयकाच्या बाजूने भाषण केले. विरोधकांचा युक्तिवाद आजच्या कोणत्याही कारखानदाराच्या तोंडी शोभेल असा होता : हा बोजा उद्योगाला झेपणार नाही, उद्या कोणी बाईला कामावरच घेणार नाही. बाबासाहेबांची मांडणी अशी होती की बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून खर्चाचा मोठा वाटा सरकारने उचलायला हवा. पण मालक बायांना कामावर ठेवतो तो धर्म म्हणून नव्हे. पुरुषापेक्षा बाई ठेवण्यात त्याचा अधिक फायदा असतो, म्हणून तोही जबाबदारीतून सुटू शकत नाही. १९२९ मध्ये मुंबई प्रांताचा प्रसूती लाभ कायदा झाला. देशातला हा अशा प्रकारचा पहिला कायदा.

तेव्हा त्या मुलीला द्यायचे नेमके उत्तर हे : कायदा १९२९ चा, विधेयक दुसऱ्याचे, बाजू बाबासाहेबांची. यात त्यांचा मोठेपणा तसूभरही कमी होत नाही. उलट मालकाचा नफा आणि बाईचे शरीर यांचा हिशेब त्यांनी इतक्या लवकर, इतका उघड मांडला होता, हे अधिक महत्त्वाचे आहे.

विरोधकांची धमकी मात्र पुढे खरी करून दाखवण्यात आली. मुंबईच्या गिरण्यांत रिळिंग आणि वाइंडिंग खात्यांत बाया मोठ्या संख्येने होत्या. पुढच्या काही दशकांत त्यांचे प्रमाण घसरत घसरत नाममात्र उरले. नवी यंत्रे, पाळ्यांची नवी पद्धत, बायांना रात्रपाळीची बंदी अशी अनेक कारणे त्यात आहेत. पण बाई म्हणजे रजा, पाळणाघर आणि कटकट, हा हिशेबही त्यात होताच. आज कंपनीत "बाई नको, उद्या तक्रार-बिक्रार झाली तर" असे कोणी हसत म्हणतो तेव्हा तो काही नवे बोलत नसतो.

आता नागपूर. २० जुलै १९४२, मोहन पार्क. शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची स्थापना करणाऱ्या परिषदेला लागूनच अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषद भरली. अध्यक्ष सुलोचनाबाई डोंगरे. हजारो बाया आल्या होत्या. या परिषदेतले बाबासाहेबांचे भाषण आपल्याला माहीत असते, त्यातले एक वाक्य भिंतीवर रंगवलेले असते. पण त्या दिवशी बायांनी स्वतः कोणते ठराव केले हे आपल्यापैकी किती जणांना सांगता येईल? घटस्फोटाचा हक्क, बहुपत्नीत्वाला बंदी आणि मुलींचे शिक्षण यांबरोबर गिरण्या, विडी कारखाने, नगरपालिका आणि रेल्वे इथे काम करणाऱ्या बायांसाठीही ठराव झाला होता. वर्षाला २१ दिवसांची किरकोळ रजा, एक महिन्याची हक्काची रजा, इजा झाल्यास भरपाई, २० वर्षांच्या नोकरीनंतर महिना १५ रुपये पेन्शन. मागणीत आकडे आहेत. मोघम "स्त्रियांचा उद्धार करा" असे तिथे कोणी म्हणत नाही.

आणखी एक मागणी होती. जिथे बाया काम करतात त्या गिरणीखात्यांत देखरेखीला पुरुषांऐवजी बाया नेमा. आम्ही या मागणीपाशी बराच वेळ थांबलो. वरवर पाहता ही नोकऱ्यांची मागणी वाटते. पण १९४२ च्या गिरणीत देखरेख करणारा म्हणजे कोण? कोणाला कोणत्या साच्यावर लावायचे, कोणाला आज परत पाठवायचे, कोणाचा खाडा धरायचा, हे ठरवणारा माणूस. त्याच्या नजरेत उतरलेल्या बाईची चूल त्या दिवशी पेटत नसे आणि त्याच्या नजरेत भरलेल्या बाईचे काय होई ते ठरावाच्या भाषेत लिहिले जात नसे. लैंगिक छळ हा शब्द तेव्हा प्रचारात नव्हता. पण बाईच्या रोजीवर एकट्या पुरुषाचा हात असला की पुढे काय घडते हे त्या बायांना पक्के कळत होते. त्यांनी दुखण्याचे नाव घेतले नाही, थेट औषध मागितले. मुंबईच्या गिरण्यांत नायकिणी असत, हेही खरे. पण त्याही बहुधा जॉबरच्याच साखळीतल्या कडी होत्या, कामावर लावून देण्याचे पैसे घेणाऱ्या. नुसती बाई वर बसवली म्हणजे खालच्या बाईला न्याय मिळतो, असा भ्रम आम्हाला नाही. तरीही या मागणीचे वजन कमी होत नाही.

याच नागपूरच्या जाईबाई चौधरींचे उदाहरण इथे आठवते. नागपूर-कामठी दरम्यान डोक्यावर ओझी वाहणारी ही बाई. एका मिशनरी बाईमुळे शिकली, शाळेत शिक्षिका झाली आणि अस्पृश्य आहे हे कळताच सवर्ण पालकांच्या विरोधामुळे तिची नोकरी गेली. पुढे तिने मुलींसाठी चोखामेळा शाळा काढली. ओझे वाहत होती तोवर तिची जात कोणाला खुपली नाही, खुर्चीवर बसताच खुपली. आपल्या बाईसाठी कामाच्या जागेचा प्रश्न तिथूनच सुरू होतो. कोणी अंगाला हात लावू नये ही एक लढाई आणि कोणी विटाळ मानू नये ही दुसरी. या दोन्ही लढाया तिला एकाच वेळी, एकाच अंगाने लढाव्या लागतात.

त्याच जुलै महिन्यात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. इथे एक अवघड प्रकरण आहे. आपल्या बहुतेक लेखांत ते गाळले जाते, आम्ही गाळणार नाही. खाणीच्या पोटात बायांनी काम करू नये अशी बंदी १९३७ पासून लागू होती. युद्धकाळात कोळशाची टंचाई झाली आणि १९४३ मध्ये ही बंदी उठवण्यात आली. मजूर खाते बाबासाहेबांकडे होते. महिला संघटना आणि कामगार संघटनांनी टीका केली. फेब्रुवारी १९४४ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात या विषयावर चर्चा झाली, तेव्हा सरकारची बाजू बाबासाहेबांनीच मांडली : हा तात्पुरता, आणीबाणीतला उपाय आहे. त्याच भाषणात त्यांनी सांगितले की या खाणींत बाईला पुरुषाइतकीच मजुरी देण्याचे तत्त्व लागू केले आहे आणि लिंगभेद न मानता समान कामाला समान दाम हे कोणत्याही उद्योगात आपल्याकडे पहिल्यांदाच होत आहे.

निर्णय बरोबर होता का? आमच्यात यावर एकमत नाही. काही जणांना वाटते की कोळशाच्या गरजेपुढे बाईच्या जिवाचा सौदा झाला. काहींना वाटते की वर उपाशी राहणे आणि खाली पूर्ण मजुरीने उतरणे यांत निवड करायची तर ती बाईने करावी. स्वतः बाबासाहेब डिसेंबर १९४३ मध्ये झरिया-धनबादच्या कोळसा भागात गेले होते, खाणीत उतरून काम पाहिले होते. त्यांच्याच काळात खाणीतल्या बायांच्या प्रसूती लाभाच्या कायद्यात दुरुस्त्या झाल्या, भुयारात उतरणाऱ्या बाईसाठी जास्तीचे संरक्षण आले, खाणीच्या तोंडाशी पाळणाघरांची तरतूद झाली. १ फेब्रुवारी १९४६ पासून बंदी पुन्हा लागू झाली. बाबासाहेबांना देव करून टाकले की हा सगळा ताण दिसेनासा होतो आणि मंत्र्याच्या खुर्चीत बसून मजुराच्या बाजूने काय काय ओढून आणता येते हे शिकायचेही राहून जाते.

संविधानात हे धागे एकत्र आले. स्त्रियांसाठी विशेष तरतूद करण्याची मुभा अनुच्छेद १५(३) मध्ये, समान कामाला समान वेतन ३९(घ) मध्ये, कामाची न्याय्य व माणुसकीची परिस्थिती आणि प्रसूती साहाय्य ४२ मध्ये. यातले शेवटचे दोन्ही मार्गदर्शक तत्त्वांत आहेत, म्हणजे त्यांच्या जोरावर थेट कोर्टात जाता येत नाही. पण निरुपयोगी म्हणून ते सोडून देण्यासारखे नाहीत. दिल्ली महापालिकेच्या रोजंदारीवरच्या बाया प्रसूती रजा मागत होत्या. सन २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती मंजूर केली तेव्हा आधार घेतला त्यात ४२ होते. रस्त्यावर खडी वाहणाऱ्या बाईपर्यंत ते कलम पोहोचायला ५० वर्षे लागली.

आता राजस्थान. जयपूरजवळचे भटेरी गाव. तिथली भंवरी देवी १९८५ पासून राज्य सरकारच्या महिला विकास कार्यक्रमात साथिन होती. साथिन म्हणजे गावपातळीवरची कार्यकर्ती. तिला पगार नाही, मानधन. आपल्याकडची आशाताई किंवा अंगणवाडी सेविका डोळ्यांपुढे आणा, म्हणजे तिचे स्थान कळेल. काम सरकारचे, शिव्या गावाच्या, आणि नोकर म्हणून नोंद कुठेच नाही. १९९२ च्या मे महिन्यात आखातीजच्या सुमारास बालविवाह रोखण्याचा आदेश वरून आला. भंवरीने एका वर्षाच्याही आतल्या मुलीचे लग्न थांबवायचा प्रयत्न केला. पोलीस आले, गेले, लग्न झालेच. गावाने तिच्यावर बहिष्कार टाकला. २२ सप्टेंबर १९९२ रोजी शेतात नवऱ्याला मारहाण करून तिच्यावर सामूहिक बलात्कार झाला. वैद्यकीय तपासणी व्हायला दोन दिवसांहून अधिक वेळ गेला. पुरावा म्हणून घागरा पोलीस ठाण्यात काढून द्यावा लागला आणि नवऱ्याचा साफा गुंडाळून ती घरी परतली.

१९९३ मध्ये जामीन नाकारताना उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींनी हा सूडातून झालेला बलात्कार असल्याचे म्हटले होते. खटल्यात न्यायाधीश बदलत गेले. नोव्हेंबर १९९५ मध्ये सत्र न्यायालयाने आरोपींना बलात्काराच्या आरोपातून मुक्त केले आणि किरकोळ कलमांखाली शिक्षा दिली. निकालातला एक तर्क असा होता की वरच्या जातीचे पुरुष खालच्या जातीच्या बाईला शिवून स्वतःला विटाळून घेणार नाहीत. संविधान लागू होऊन ४५ वर्षे झाल्यावर मनुस्मृती अशी कोर्टाच्या कागदावर उतरली.

इथे आपल्याच माणसांना एक दुरुस्ती सुचवायची आहे. आपल्या पोस्टमध्ये भंवरीला सरसकट दलित लिहितात. ती कुंभार आहे, इतर मागासवर्गातली. आरोपींत बहुतेक गुज्जर होते, एक ब्राह्मण. म्हणजे पुस्तकी अर्थाने सगळे आरोपी सवर्ण नव्हते. पण गावात जमीन, संख्या आणि दहशत त्यांची होती आणि कुंभार त्यांच्या खाली. बाबासाहेबांनी जातीला श्रेणीबद्ध विषमता म्हटले ते याचसाठी. प्रत्येक पायरीला खाली तुडवायला एक पायरी असते आणि प्रत्येक पायरीवरच्या बाईला त्या पायरीच्याही खाली ढकलले जाते. भंवरीला दलित म्हणून टाकले की ओबीसी बाईवरचा जातीय अत्याचार आपल्या नजरेतून निसटतो. ॲट्रॉसिटी कायद्याचे छत्रही तिच्यावर नव्हते, हे लक्षात घ्या.

सरकारने हात झटकले. शेतात घडलेल्या गोष्टीशी नोकरीचा काय संबंध? महिला संघटनांनी नेमके तिथेच बोट ठेवले : ती सरकारचे काम करत होती म्हणूनच तिच्यावर हल्ला झाला, तेव्हा तिची कामाची जागा म्हणजे ते अख्खे गाव. विशाखा आणि इतर संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या. १३ ऑगस्ट १९९७ रोजी न्या. जे. एस. वर्मा, न्या. सुजाता मनोहर आणि न्या. बी. एन. किरपाल यांच्या पीठाने निकाल दिला. अनुच्छेद १४, १५, १९(१)(छ), २१ आणि भारताने १९९३ मध्ये मान्य केलेला स्त्रियांविषयीचा आंतरराष्ट्रीय करार यांच्या आधाराने न्यायालयाने मार्गदर्शक सूचना घालून दिल्या आणि कायदा होईपर्यंत त्याच कायदा मानाव्यात असे सांगितले. तक्रार समितीची प्रमुख बाई हवी, निम्म्याहून कमी बाया नकोत, बाहेरची एक व्यक्ती हवी म्हणजे वरिष्ठांचा दबाव चालणार नाही. मोहन पार्कातली मागणी ५५ वर्षांनी दुसऱ्या वेषात परत आली, असे हे वाचताना आम्हाला वाटले. दोन्हींना जोडणारा कागद आमच्याकडे नाही, पण दोन्हींची जाण एकच आहे.

मात्र हाच निकाल उघडून भंवरीचे नाव शोधा. सापडणार नाही. राजस्थानातल्या एका गावातली सामाजिक कार्यकर्ती, तिच्यावरील कथित अत्याचार आणि तो खटला वेगळा चालू असल्याने अधिक उल्लेखाची गरज नाही, एवढ्यावर विषय संपतो. ना बालविवाह, ना बहिष्कार, ना जात. बलात्काराचा खटला वेगळा ठेवण्यामागचे कायदेशीर कारण आम्हाला समजते. पण त्या दोन ओळींत एका कुंभार बाईचे सगळे जगणे गळून पडले आणि मागे उरली ती फक्त "नोकरदार महिला". त्यानंतरची सगळी वाटचाल या "नोकरदार महिले"ला समोर ठेवून झाली. भंवरीच्या खटल्यातले अपील मात्र उच्च न्यायालयात वर्षानुवर्षे पडून राहिले आणि दरम्यान आरोपींतले काही मरूनही गेले.

विशाखाच्या सूचना पाळल्या जात नाहीत म्हणून पुण्याच्या मेधा कोतवाल लेले यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाला २०१२ मध्ये पुन्हा बजावावे लागले. २०१३ मध्ये कायदा आला आणि ९ डिसेंबर २०१३ पासून लागू झाला. १० किंवा अधिक लोक काम करतात तिथे अंतर्गत समिती. १० पेक्षा कमी असतील किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल तर जिल्ह्याची स्थानिक समिती. घरकामगार आणि असंघटित क्षेत्रही व्याख्येत आहे. तक्रार तीन महिन्यांत करायची, कारण पटल्यास आणखी तीन महिने. लिहिता येत नसेल तर लिहून द्यायला मदत करणे समितीचे कर्तव्य आहे. चौकशी ९० दिवसांत. समितीच नेमली नाही तर मालकाला ५० हजार रुपयांपर्यंत दंड.

तरुण कार्यकर्त्यांनी या कायद्याची दोन कलमे शेजारी ठेवून वाचावीत. कलम ७ स्थानिक समितीविषयी आहे. तिथे नामनिर्देशित सदस्यांत अनुसूचित जाती, जमाती, इतर मागासवर्ग किंवा अल्पसंख्याक समाजातली किमान एक बाई असलीच पाहिजे असे म्हटले आहे. कलम ४ अंतर्गत समितीविषयी आहे. तिथे असे काहीच नाही. म्हणजे बँक, विद्यापीठ, आयटी कंपनी, रुग्णालय इथली समिती संपूर्ण एकाच जातवर्तुळातली असली तरी कायद्याने चालते. आरक्षणातून लागलेली एखादी मुलगी आपल्या विभागप्रमुखाविरुद्ध तिथे जाते, तेव्हा तिला आधी तिची गुणवत्ता सिद्ध करावी लागते आणि मग तक्रार. अशा मुलींना आमचे सांगणे आहे : हा कायदा इतर कायद्यांच्या जोडीला आहे, त्यांच्या जागी नाही. ॲट्रॉसिटी कायद्यात २०१५ ची दुरुस्ती झाल्यापासून अनुसूचित जाती-जमातीच्या बाईला तिच्या संमतीशिवाय लैंगिक हेतूने स्पर्श करणे, तसे शब्द वापरणे, हावभाव करणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. समितीपुढे तक्रार चालू आहे म्हणून पोलीस ठाण्याचा रस्ता बंद होत नाही.

आणि ऊसतोडीला जाणारी बाई? तिची नोंद "कोयता" अशी होते. नवरा-बायको मिळून एक कोयता, उचल नवऱ्याच्या हातात. बीड जिल्ह्यात गर्भाशये काढण्याचा प्रकार गाजल्यावर २०१९ मध्ये राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ८२ हजारांवर ऊसतोड महिलांच्या पाहणीत १३ हजारांवर बायांची गर्भाशये काढलेली आढळली. पाळीत खाडा पडला की दंड, हे त्यामागचे एक कारण म्हणून पुढे आले. अशा बाईवर मुकादमाने हात टाकला तर ती कुठे जाणार? कारखाना म्हणतो ती मुकादमाची माणसे, मुकादम म्हणतो मीही मजूरच. गाव बीडमध्ये, फड सांगलीत नाहीतर सीमेपलीकडे बेळगावात. हंगाम पाच-सहा महिन्यांचा आणि तक्रारीची मुदत तीन. ती गावी परतेपर्यंत मुदत उलटलेली असते. कागदावर तिच्यासाठी स्थानिक समिती आहे. पण ती कोणत्या जिल्ह्याची, हे तिला कोणी सांगितलेले नसते.

गोवा विद्यापीठातल्या एका प्रकरणाच्या निमित्ताने सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये या कायद्याच्या ढिल्या अंमलबजावणीवर कडक ताशेरे ओढले. डिसेंबर २०२४ मध्ये प्रत्येक जिल्ह्यात अधिकारी आणि स्थानिक समिती नेमण्यासाठी तारखा ठरवून दिल्या. आम्ही ऊसतोडीला बाया पाठवणाऱ्या एका जिल्ह्यात माहिती अधिकाराचा अर्ज टाकला. चार प्रश्न विचारले : समितीचे सदस्य कोण, प्रत्येक तालुक्याचा नोडल अधिकारी कोण, अनुसूचित जाती-जमाती, ओबीसी किंवा अल्पसंख्याक समाजातली सदस्य कोण आणि तीन वर्षांत किती तक्रारी आल्या. उत्तरात सदस्यांची यादी आली, तिची तीन वर्षांची मुदत संपून गेली होती. दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नापुढे "माहिती संकलित नाही" असे लिहिले होते. तक्रारींच्या रकान्यात एकच शब्द होता : निरंक. पहिले अपील आम्ही दाखल केले आहे. अर्जाचा मसुदा ज्यांना हवा असेल त्यांनी मागून घ्यावा आणि आपापल्या जिल्ह्यात टाकावा.